भिंतीवरचा संगमरवर आणि भिंतीमागची ओल

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आम्हाला बोलायला उभे केले की आम्ही चळवळीवर बोलतो, शिक्षणावर बोलतो, व्यसनावर बोलतो. यंदा आम्ही एका भिंतीवर बोलणार आहोत. हसू नका. गेले तीन महिने आपल्या वस्तीत जिच्यावरून दोन तट पडलेत, ती हीच भिंत. वरच्या मजल्यावरच्या वंदनागृहातली, बुद्धमूर्तीच्या मागची. तिला संगमरवर लावायचा की नाही, लावायचा तर कोणता, यावरून एवढी वादावादी झाली की काही घरांनी एकमेकांशी बोलणे टाकले. म्हणून समितीने आम्हाला सांगितले, की चार ठिकाणी फिरा, चौकशी करा आणि वर्धापनदिनी सगळ्यांसमोर मांडा. ते आज मांडतो. आमचे शिक्षण नववीपर्यंत. जे कळले ते वाचून कळले, आणि त्याहून जास्त दगडाच्या वखारीत उभे राहून कारागिरांना विचारून कळले.

पहिल्या बैठकीत तरुण मंडळी म्हणाली, संगमरवर कशाला, तेवढ्या पैशात अभ्यासिकेला पुस्तके घ्या. आम्हीही मान हलवली. तेवढ्यात मागे बसलेल्या एक म्हाताऱ्या मावशी उठल्या. त्या म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या बंगल्यातल्या संगमरवरावर आम्ही पोतेरं फिरवलं. आमच्या बुद्धाच्या मागं एक धड दगड नसावा व्हय?" सभा गप्प झाली. या प्रश्नाला "पुस्तके घ्या" हे पूर्ण उत्तर होत नाही, बंधूंनो. तो थाटमाटाचा प्रश्न नव्हता, मानाचा होता. आणि मानाच्या प्रश्नाला नीट हिशोब करूनच उत्तर दिले पाहिजे, नाहीतर मानही जातो आणि पैसाही.

आधी आमची चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी आमची चूक सांगून टाकतो. खालच्या अभ्यासिकेच्या भिंतीला चार वर्षांपूर्वी संगमरवराच्या नक्षीचे पत्रे लावले, ते कुणी आणले? आम्ही. आठ फूट बाय चार फुटाचा प्लॅस्टिकचा पत्रा, वर पांढऱ्या दगडाचे छापील चित्र, त्यात करड्या शिरा, वरून चकाकी. बाजारात त्याला 'मार्बल शीट' म्हणतात. स्वस्त, हलका, एका दिवसात काम. त्या भिंतीला ओल होती, पोपडे सुटत होते. रंगाऱ्याने बजावले होते, की काका, आधी पाणी कुठून येते ते बघा. आम्ही म्हणालो, पत्रा लागला की ओल दिसणार कशाला?

खरेच दिसली नाही. दोन पावसाळे दिसली नाही. मग वास येऊ लागला. कपाट सरकवून पत्रा काढला तर मागे भिंतभर काळी बुरशी, आणि कपाटातल्या खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तके एकमेकांना चिकटलेली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड त्यात होते. रुपया-रुपया वर्गणी करून घेतलेले. पाने सुटी करताना हातात तुकडे आले. बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा व्हावी म्हणून, आणि आम्ही भिंत चकचकीत दिसावी म्हणून ग्रंथ कुजवले. त्या दिवशी आम्ही घरी जाऊन जेवलो नाही.

ही चूक पत्र्याची नव्हती, पत्रा विकणाऱ्याचीही नव्हती. भिंत काय सांगते ते ऐकायचे सोडून आम्ही तिचे तोंड बंद केले, ही चूक. म्हणून या खेपेस आम्ही दगडाची सगळी कुंडली विचारून आलो आहोत.

संगमरवर आणि त्याच्या शिरा

संगमरवर म्हणजे मूळचा चुनखडीचा दगड. जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून त्याचे कण नव्याने जुळतात आणि दगड घट्ट, स्फटिकासारखा होतो. ताजमहालाला वापरला तो राजस्थानातल्या मकराण्याचा. आता त्यातल्या शिरा. मूळ चुनखडीत माती, लोह, असली काही भेसळ असते, ती त्या उलथापालथीत रेघांनी पसरते. काही ठिकाणी दगडाला तडे जाऊन पुन्हा दुसऱ्या खनिजाने भरून येतात. त्यालाच आपण नक्षी म्हणतो. वखारीतल्या एका जुन्या कारागिराने आम्हाला एक गोष्ट दाखवली. त्याने शिरांच्या लादीची मागची बाजू उलटी केली, तर तिथे जाळी चिकटवलेली. म्हणाला, जिथे शीर सुंदर, तिथेच दगड कच्चा. उचलताना शिरेवरच मोडतो. म्हणून मागून जाळी आणि राळेसारखे द्रव्य लावून तो बांधून ठेवावा लागतो.

दुसरे, हा दगड आंबटाला भितो. लिंबाचा रस सांडून राहिला की चकाकी जाते. ॲसिडने धुतला तर खलासच. आणि मागून ओल आली की दगडातले लोह गंजून पिवळे-तपकिरी डाग वर येतात, ते पुसून जात नाहीत. म्हणजे ओल्या भिंतीवर अस्सल दगड लावला तरी ओल सुटत नाही. प्लॅस्टिक ती लपवते, दगड ती दाखवतो, एवढाच फरक.

वजनाचा हिशोब

आता आपल्या भिंतीकडे येऊ. भिंत वीस फूट लांब, दहा फूट उंच. दोनशे चौरस फूट. ती साडेचार इंची विटांची, वरच्या मजल्याच्या स्लॅबवर नुसती उभी आहे, तिच्याखाली तुळई नाही. खाली काय आहे? अभ्यासिका. आपली पोरे जिथे रात्री अकरापर्यंत वाचत बसतात ती.

नेहमीची पाऊण इंच जाडीची संगमरवरी लादी चौरस फुटाला साधारण पाच किलो भरते. दोनशे चौरस फुटाचे झाले हजार किलो. ती सिमेंटच्या मालात बसवायची तर बोटभर जाडीच्या मालाचे आणखी सातशे किलो धरा. आम्ही गिरणीतली माणसे, आम्हाला कापसाच्या गाठीचा हिशोब लवकर कळतो. गाठ १७० किलोची. म्हणजे पोरांच्या डोक्यावर एकावर एक दहा गाठी रचल्यासारखे झाले. आम्ही ज्या अभियंत्याला भिंत दाखवली, त्याने मान हलवली आणि म्हणाला, तुळई घातल्याशिवाय हे करू नका.

इथे हलक्या दगडाचा विषय येतो. अलीकडे संगमरवराचे असे तक्ते मिळतात ज्यात अस्सल दगड फक्त पाच मिलिमीटरच्या आसपास असतो. पाटीएवढा. मग तो मोडत कसा नाही? त्याच्या मागे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे मधाच्या पोळ्यासारखे सहाकोनी घरांचे जाळे चिकटवलेले असते. तुम्ही सामानाचा पुठ्ठ्याचा खोका फाडून बघा. आत दोन कागद आणि मध्ये नागमोडी कागद. तिन्ही कागद सुटे केले तर बोटाने वाकतात, एकत्र असले तर त्या खोक्यात भांडी भरून नेता येतात. दोन बाजू एकमेकींपासून दूर धरून ठेवल्या की ताकद वाढते आणि मधली जागा पोकळ राहते, म्हणून वजन वाढत नाही. तीच युक्ती इथे.

तक्ता करतात तोही पाहण्यासारखा. जाड लादीच्या दोन्ही तोंडांना पोळ्याचे जाळे चिकटवतात आणि मग लादी मधोमध उभी चिरतात. एका लादीचे दोन तक्ते निघतात. दोन्हींवरच्या शिरा उघडलेल्या वहीच्या दोन पानांसारख्या, एकमेकींच्या समोरासमोर. शेजारी लावले की शिरा मध्यावर जुळतात. मोठ्या इमारतींत भिंतीवर पंख पसरल्यासारखी नक्षी दिसते ती अशी. असा तक्ता चौरस फुटाला दीड किलोच्या आसपास. आपल्या सगळ्या भिंतीचे मिळून तीनशे किलो, दोन गाठींपेक्षाही कमी. आणि तो ओल्या सिमेंटात बसवायचाच नसतो, कारण ओले सिमेंट ॲल्युमिनियमला खाते. भिंतीला पट्ट्या ठोकून त्यावर अडकवतात, मागे हवा खेळायला फट राहते.

त्याचेही दोष आहेत, ते लपवणार नाही. चारही पर्यायांत हा सगळ्यात महाग. त्याचा सगळा जीव चिकटद्रव्यात. कडा नीट बंद केल्या नाहीत आणि पाणी शिरले तर थर सुटू शकतात. आणि एकदा लावल्यावर त्यात खिळा ठोकता येत नाही. आपल्याकडे जयंती आली की कुणीतरी हातोडी घेऊन फोटो लावायला निघतोच! बाबासाहेबांची, फुल्यांची तसबीर कुठे लागणार हे आधी ठरवून तिचे आधार मागच्या भिंतीत आधीच बसवावे लागतील.

मधला मार्ग म्हणून शिरांची छापील चित्रे असलेल्या भाजलेल्या मातीच्या लाद्या, म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. गुजरातेत मोरबीला त्यांचे मोठे काम चालते. चौरस फुटाला दोन किलोच्या आसपास, धुवायला सोप्या, आंबटाला न भिणाऱ्या, आगीला न पेटणाऱ्या. दगड नव्हेत, पण लबाडी करत नाहीत असे आम्ही म्हणू, कारण त्या टिकतात.

जगाने घेतलेला धडा

कुणी म्हणेल, आपल्या एका भिंतीसाठी जगाची गोष्ट कशाला? पण पातळ संगमरवराचा धडा जगाने मोठी किंमत मोजून घेतला आहे, तो आपल्याला फुकट मिळतो.

अमेरिकेत शिकागो शहरात एका तेल कंपनीची ऐंशीहून जास्त मजल्यांची इमारत १९७३ च्या सुमारास उभी राहिली. तिला बाहेरून इटलीतल्या कराराचा पांढरा संगमरवर लावला, सुमारे ४३,००० तक्ते, सव्वा ते दीड इंच जाडीचे. थोड्याच काळात एक तक्ता सुटला आणि शेजारच्या इमारतीच्या छतात घुसला. पुढे तपासले तर तक्तेच्या तक्ते पापड उन्हात वाळताना कडा वळवतो तसे वाकलेले. शेवटी १९९० ते १९९२ या काळात सगळा संगमरवर उतरवून तिथे दोन इंच जाडीचा ग्रॅनाइट लावला. खर्च आला आठ कोटी डॉलरच्या घरात.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिथे १९७१ साली फिनलँडिया हॉल नावाची सुंदर सभागृहाची इमारत झाली. तिलाही कराराचाच संगमरवर. तोही वाकला. १९९८-९९ ला तक्ते बदलले, पण लोकांचा जीव त्या पांढऱ्या दगडात अडकलेला, म्हणून पुन्हा तोच लावला. तो पुन्हा वाकला! २०२२ ला मोठी दुरुस्ती काढली तेव्हा इटलीतल्याच दुसऱ्या खाणीचा दगड घेतला आणि २०२५ मध्ये इमारत पुन्हा लोकांना उघडली.

वाकतो का? संगमरवराचा कण तापला की एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आखडतो. रोज तापणे, रोज गार होणे, त्यात ओल. वर्षानुवर्षे असे झाले की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. जाड दगडात हे खपून जाते, पातळ दगडात दिसते. आपली भिंत घरातली आहे, तिला बर्फ नाही, भर ऊन नाही. तरी धडा घ्यायचा तो हा, की पातळ दगड हा जाड दगडासारखा वागत नाही. त्याला बाहेरच्या भिंतीवर, गच्चीवर, पावसात लावायचे नाव काढू नये.

आणि एक चांगली गोष्टही सांगतो. अमेरिकेतच येल विद्यापीठात १९६३ साली दुर्मीळ ग्रंथांचे एक ग्रंथालय बांधले. त्याला खिडक्या नाहीत. भिंतीत सव्वा इंच जाडीचे संगमरवरी तक्ते बसवले आहेत आणि सूर्याचा उजेड त्या दगडातून गाळून, मधासारखा होऊन आत येतो. ऊन थेट पुस्तकांवर पडत नाही, म्हणून पाने खराब होत नाहीत. वाचताना आम्हाला आमची कुजलेली पुस्तके आठवली. तिथे दगड पुस्तकांच्या रक्षणासाठी लावला होता. भिंतीला काय लावता यापेक्षा कशासाठी लावता, हे त्यांनी आधी ठरवले होते.

आपल्या पूर्वजांची शिळा

भिंतीला नक्षीदार दगडाचे तक्ते लावणे हे परदेशातून आलेले खूळ आहे असेही कुणी समजू नये. आंध्रात कृष्णाकाठी अमरावतीचा महास्तूप होता. पैठणच्या सातवाहनांच्या काळात तो फार वैभवाला चढला. आत माती आणि विटा, आणि बाहेरून कोरीव शिळांचे आवरण. इंग्रजांनी त्या शिळांना 'अमरावतीचे संगमरवर' म्हटले, पण तो संगमरवर नव्हे, हिरवट-पांढऱ्या चुनखडीचाच दगड आहे. संगमरवराचा भाऊ म्हणा.

त्या शिळांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. फक्त राजेरजवाडे नाहीत. पूर्णघट कोरलेली एक शिळा विधिक नावाच्या चर्मकाराने आपल्या कुटुंबीयांसह दिलेली आहे. चर्मकाराने! आपला धंदा त्याने लपवलेला नाही, नावाला जोडून कोरला आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केले असा लेख आहे. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, त्याने दार घडवले म्हणून. हे सगळे हाताने काम करणारे लोक, तुमच्या-आमच्यासारखे. म्हणजे मावशींनी बैठकीत जो हक्क मागितला तो नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कष्टकऱ्यांनी तो बजावलेला आहे.

पण त्या शिळांचे पुढे काय झाले तेही ऐका. बौद्ध धम्म या देशातून हटला, स्तूप मातीत गेला. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे नवे गाव वसवताना स्तूप खणला गेला. १७९७ साली कर्नल मॅकेंझी तिथे पोहोचले तेव्हा लोक बांधकामासाठी शिळा काढत होते, आणि कितीतरी शिळा भट्टीत घालून त्यांचा चुना केला गेला. बुद्धाच्या जीवनातले प्रसंग कोरलेल्या शिळांचा चुना! उरल्या त्या चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयात आहेत. असे का झाले? दगड कच्चा होता म्हणून नव्हे. त्याची राखण करणारी, त्यावर काय लिहिले आहे हे वाचणारी माणसे उरली नव्हती म्हणून. तेव्हा "पुस्तके घ्या" म्हणणारी पोरेही बरोबर आहेत. भिंत आणि अभ्यासिका यांत भांडण लावू नका. वरची भिंत टिकायची असेल तर ती खालच्या खोलीत वाचणाऱ्या पोरांमुळेच टिकेल.

मेणबत्ती आणि धूळ

दोन गोष्टी आणखी, आणि त्या जिवाशी संबंधित आहेत.

पहिली आगीची. वंदनागृहात आपण मेणबत्त्या लावतो, अगरबत्त्या लावतो. बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला तर ओळीने लावतो. मूर्तीमागे प्लॅस्टिकचा पत्रा लावू म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. तो पत्रा सहज भडकत नाही हे खरे. पण आगीत सापडला की त्यातून घशाला आणि डोळ्यांना जाळणारा आम्लाचा धूर निघतो. आपल्या वंदनागृहाला जिना एकच आहे. लंडनमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर नावाच्या गोरगरिबांच्या इमारतीला आग लागली. एका घरातला फ्रिज पेटला, आणि बाहेरून शोभेसाठी व ऊब राखण्यासाठी लावलेल्या आवरणावरून आग सगळ्या इमारतीभर चढली. त्या तक्त्यांना दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा होता आणि मध्ये प्लॅस्टिक. ७२ माणसे गेली. तिथल्या इमारतीलाही जिना एकच होता. म्हणून विकणारा "हलका आहे, सुंदर आहे" म्हणाला की आपण विचारायचे, "मध्ये काय भरलंय? पेटतं का? परीक्षेचा कागद दाखव."

दुसरी धुळीची. आम्ही सूतगिरणीत आयुष्य काढले. कापसाची धूळ छातीत बसते म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. सोमवारी सुटीनंतर कामावर गेले की छाती आवळते, ते अनेकांनी भोगले आहे. दगड कापणाऱ्याचे दुखणे त्याच जातीचे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत कापसाच्या धुळीचा रोग आणि दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस दोन्ही होते. संगमरवरात सिलिका कमी, ग्रॅनाइटमध्ये आणि वाळूच्या दगडात जास्त. आणि संगमरवरासारख्या शिरा काढलेला जो 'क्वार्ट्झ' नावाचा कृत्रिम दगड मिळतो, त्यात तर बहुतेक सिलिकाच भरलेली असते. तो कापणारी तरुण पोरे फुप्फुसे घालवून बसली, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. करुणेच्या मूर्तीमागची भिंत एखाद्या कारागिराचा श्वास खाऊन उभी राहत असेल, तर तिच्यापुढे हात जोडायला आम्हाला लाज वाटेल.

आमची सूचना

बुद्धाने कालामांना सांगितलेले आपण सगळे जाणतो. परंपरा आहे म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. म्हणून पारखायच्या रीती सांगून मग सूचना मांडतो.

दगड अस्सल आहे का, हे कडेला कळते. अस्सल शीर कडेतून आरपार गेलेली दिसते, छापील शीर वरच्यावर संपते. चार तक्ते शेजारी ठेवा, तीच नक्षी पुन्हा आली तर ते चित्र आहे. तळहात ठेवा, दगड गार लागतो. आणि भिंत ओली आहे का, हे पाहायला दीड-दोन फुटाचा जाड प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला दोन दिवस लावून ठेवा. आतून थेंब धरले, भिंत काळवंडली, तर ओल आहे. ही परीक्षा पोरांनी गेल्या आठवड्यात केली. खालची भिंत नापास झाली. वरची, गच्चीच्या कोपऱ्याजवळ, नापास झाली.

तेव्हा आमच्या सूचना अशा.

एक, आधी गच्चीची गळती आणि खालची ओल. एक पावसाळा जाऊ द्या, पुन्हा कागद लावा, भिंत पास झाली तरच पुढचे काम.

दोन, अभ्यासिकेला कसलेही तक्ते नकोत. साधा गिलावा, पांढरा रंग, आणि कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे. कुजलेले खंड आम्ही आमच्या पगारातून भरून देत आहोत, पहिले चार आज आणले आहेत.

तीन, सगळी भिंत मढवायची गरज नाही. मूर्तीच्या बरोबर मागे सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच एवढाच भाग अस्सल, हलक्या संगमरवराचा करावा. अठ्ठेचाळीस चौरस फूट. त्याचे वजन सत्तर-बहात्तर किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाइतके. पट्ट्यांचे थोडे वजन वर धरा. तरी अभियंत्याचे लेखी मत घेतल्याशिवाय एक भोकही पाडायचे नाही. दोनशे फुटांऐवजी अठ्ठेचाळीस फूट, म्हणजे खर्चही तेवढ्या पटीने खाली येतो, आणि वाचेल ते पोरांच्या पुस्तकांना.

चार, मेणबत्त्यांसाठी भिंतीपासून दूर कडप्प्याचा वेगळा ओटा. वंदनागृहात प्लॅस्टिकचा पत्रा नको.

पाच, दगड कापायचा तो पाणी सोडून, उघड्यावर, तोंडाला योग्य मास्क लावून. मास्क समितीने द्यायचा. कंत्राटाच्या कागदात हे लिहायचे.

सहावी सूचना नावांची. काही जण म्हणाले, अमुक हजारांच्या वर देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरा. आम्ही म्हणतो, नावे जरूर असावीत, पण रक्कम नको. ज्याने ज्याने दिले त्या प्रत्येकाचे नाव सारख्याच अक्षरात, आणि नावापुढे त्याचे काम. घरकाम करणारी, सफाई कामगार, गवंडी, रिक्षाचालक, परिचारिका, शिक्षक, गिरणी कामगार. विधिक चर्मकाराने लिहिले तसे. मूर्तीमागच्या दगडावर मात्र नाही. जिन्याच्या भिंतीला साधी पाटी, येता-जाता पोरांना वाचता येईल अशी.

त्या मावशी आज पुढे बसल्या आहेत. त्यांना आम्ही परवा घरी जाऊन हे सगळे सांगितले. त्यांनी वजन विचारले, आगीचे विचारले, किंमत विचारली. मग म्हणाल्या, "लहान असू दे, पण खरा असू दे. आणि पुसायला मला बोलवा. या खेपेला आपला पुसायचाय." त्यांच्या बचत गटाने पहिली वर्गणी आज सकाळी समितीकडे जमा केली आहे.

आता निर्णय तुमचा. पुढच्या रविवारी वंदनेनंतर बैठक आहे. ज्या घरांनी एकमेकांशी बोलणे टाकले आहे, त्यांनी शेजारी-शेजारी बसावे, एवढी आमची विनंती. आमचे काही चुकले असेल तर तिथे सांगा. एकदा चुकलो आहोत, पुन्हा चुकायची आमची तयारी नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!